सिंधुपाल्चोकला जाण्यापूर्वी

सुट्टीत विद्यार्थ्यांना परदेशी नेऊन तेथील दरिद्री वस्त्यांत काही दिवस सेवाकार्य करविण्याची जी प्रथा पाश्चात्य विद्यालयांत रूढ झाली, ती आता आपल्याकडील सधन महाविद्यालयांतही मूळ धरू लागली आहे. आणि आपला मुलगा वा मुलगी सेवेसाठी नेपाळात किंवा कंबोडियात जात आहे या वार्तेने आईबापांना जो निर्मळ अभिमान वाटतो, त्याचा अधिक्षेप करण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. परंतु २०१७ च्या मे महिन्यात अशाच एका तुकडीबरोबर अध्यापक या नात्याने मी नेपाळला गेलो होतो, आणि तेथे जे पाहिले ते पुढे जाणाऱ्या मुलांच्या कानावर आधीच गेले पाहिजे, असे मला तेव्हापासून सतत वाटत आले आहे.

२५ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात नेपाळात सुमारे ९,००० माणसे मृत्युमुखी पडली, आणि जीवितहानीचा सर्वांत मोठा वाटा काठमांडूच्या ईशान्येकडील सिंधुपाल्चोक या डोंगरी जिल्ह्याच्या वाट्याला आला. चौतारा या जिल्ह्याच्या ठाण्यापासून वर चढत गेल्यावर लागणाऱ्या ज्या तामांग जमातीच्या वस्तीत आमचा मुक्काम होता, तेथे दोन वर्षे लोटल्यानंतरही बहुतेक कुटुंबे पत्र्याच्या निवाऱ्यांत राहत होती. दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नसे आणि रात्री थंडीने झोप येत नसे. सुखवस्तू घरांत वाढलेली आमची मुले पहिल्या संध्याकाळी अगदी निःशब्द झाली. ज्या घरी आम्हांला ढिँडो, म्हणजे पिठाची घट्ट उकड, आणि गुंद्रुकाचा, म्हणजे आंबवून वाळविलेल्या पाल्याचा, रस्सा वाढला गेला, त्या घरची माणसे आमचे होईपर्यंत जेवली नाहीत आणि मागाहून त्यांच्या वाट्याला फारसे काही उरले नाही, हे ज्या मुलीच्या ध्यानात आले ती रात्री उशिरापर्यंत रडत होती. ते रडणे खोटे नव्हते, आणि तरुण मनाला असा घाव बसू नये असे म्हणणारा मी नव्हे. पण दुःखाने व्याकूळ झालेले मन प्रथम स्वतःच्या व्याकूळतेवर उतारा शोधते, ही गोष्ट मोठ्या माणसांनी ओळखली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मुलांनी जवळची चॉकलेटे, पेने, नोटा वाटून टाकल्या. तिसऱ्या दिवशी शाळेला निघालेली गावातील मुले शाळा सोडून आमच्या वाटेवर हात पुढे करून उभी राहिली, आणि एका वृद्ध गृहस्थाने आपल्या नातवाला दंडाला धरून, आमच्याकडे न पाहता, घरात नेले. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरील अपमानाचे कारण मुलांना उमगायला वेळ लागला. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की, व्यक्तीने व्यक्तीला काहीही वाटू नये. द्यावयाचे ते शाळेच्या किंवा गावसमितीच्या हाती, त्यांनी मागितलेले आणि त्यांच्या दप्तरी नोंदलेले असावे.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. नेपाळ सरकारने घर गमावलेल्या प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान मंजूर केले होते. मात्र ते एकरकमी मिळत नसे. करारनामा झाल्यावर ५० हजार, जोते पुरे झाल्यावर दीड लाख आणि भिंती उभ्या राहिल्यावर उरलेले एक लाख, अशी हप्त्यांची वाटणी होती, आणि प्रत्येक टप्प्यावर पुनर्निर्माण प्राधिकरणाच्या अभियंत्याने येऊन, बांधकाम भूकंपाला टिकेल असे आहे की नाही, याची पाहणी केल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नसे. ही अट जाचक वाटली तरी ती अत्यंत आवश्यक होती. दगड-मातीच्या जाड भिंतीचे आतील व बाहेरील असे दोन पदर असतात. त्यांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसविले नाहीत आणि भिंतीभोवती लाकडाचा वा काँक्रीटचा आडवा पट्टा फिरविला नाही, तर धक्क्यासरशी ते पदर एकमेकांपासून सुटतात आणि निजलेल्या माणसांवर कोसळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आपल्या किल्लारीत आणि आसपासच्या गावांत जी घरे काळ ठरली, त्यांचा दोष नेमका हाच होता. म्हणून मराठवाड्याशी संबंध असलेल्या वाचकाला हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आमची यात्रा ज्या संस्थेने आखली होती तिने विद्यार्थ्यांना एका एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घराच्या भिंती उभारण्याचे काम दिले. गावात डकर्मी, म्हणजे गवंडी, होता. तो प्राधिकरणाचे प्रशिक्षण घेतलेला होता. परंतु विद्यार्थी विनामूल्य राबत असल्यामुळे त्याची रोजंदारी वाचली, असे संस्थेच्या हिशेबात मांडले गेले आणि तो बांधावर बसून पाहत राहिला. त्याने दोनदा काही सांगण्याचा प्रयत्न केला, पण संस्थेच्या माणसाने ते मुलांपर्यंत पोहोचू दिले नाही. मुलांच्या तळहातांना फोड आले, भिंत खिडकीच्या वर गेली, छायाचित्रे निघाली. आणि आम्ही तेथे असतानाच आलेल्या अभियंत्याने ती भिंत शांतपणे पाहून, ठोकून, सांगितले की आरपार दगड कोठेही नाहीत, सबब मंजुरी देता येणार नाही, भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल. अभियंत्याची कसूर काही नव्हती. पावसाळा तोंडावर आला होता, आषाढात भातलावणीला लागणारा गाव पुढे मजूर देऊ शकणार नव्हता, आणि त्या वृद्धेचा शेवटचा हप्ता ज्यामुळे अडकला ते कारण आमच्या मुलांचे श्रम हेच होते. ती आमच्यावर रागावली नाही. तिने मुलांना चहा दिला.

या प्रसंगावरून शरीरश्रमाचीच निंदा करणारे लोक मला भेटले आहेत. ते मला मान्य नाही. विद्यार्थ्याने दगड वाहावेत, माती कालवावी, पाणी आणावे, पण ते गावच्या कारागिराच्या हाताखाली, त्याच्या हुकमाने, आणि त्याची पूर्ण मजुरी आपल्या वर्गणीतून चुकती करून. एका विद्यार्थ्याच्या जाण्यायेण्याच्या व राहण्याच्या खर्चात डकर्मीची कित्येक दिवसांची रोजंदारी निघते, हे गणित निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. ते केल्यावरही ज्याला जावेसे वाटते, तो शिकण्यासाठी जातो आहे याची खातरजमा होते.

परतीच्या वाटेवर काठमांडूतील एका बालगृहात आम्हांला नेण्यात आले. याविषयी मी कोणतीही सवलत न ठेवता सांगतो की, परदेशी पाहुण्यांना मुलांशी खेळण्यास मोकळी मुभा देणाऱ्या बालगृहात विद्यार्थ्यांना पाऊल टाकू देऊ नये. नेपाळातील बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून, शिक्षणाचे आमिष दाखवून, दलालांनी मुले खाली आणली, त्यांचे आईबाप वारल्याचे कागद केले आणि पर्यटकांच्या देणग्यांवर हा व्यवहार पोसला गेला. ही गृहे काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच का दाटली, याचे उत्तर त्यातच आहे. भूकंपानंतर सरकारने नवीन बालगृहांची नोंदणी थांबविली आणि पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली, ती याच भयाने. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा केला, तेव्हा तेथील संसदेतही या व्यवहाराची चर्चा झाली. आमच्यातील एका विद्यार्थ्याच्या गळ्यात पडलेल्या मुलाने मोडक्या हिंदीत आपली आई गावी असल्याचे सांगितले; निघताना त्या विद्यार्थ्याने ‘पुढच्या वर्षी येतो’ असे वचन दिले, आणि तो मुलगा काही बोलला नाही, कारण असे वचन त्याने याआधी पुष्कळांकडून ऐकले असावे.

तथापि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट याहून वेगळी आहे. दारिद्र्य डोळ्यांना दिसते, त्याची कारणे दिसत नाहीत. आणि केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला, ही माणसे गरीब आहेत कारण ती डोंगरात राहतात, एवढाच बोध होतो. १८५४ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेने, तामांगांना, गुलाम करता येईल अशा मद्यपायी जातींच्या वर्गात टाकले होते. काठमांडू खोऱ्याभोवतालच्या त्यांच्या गावांवर राणा घराण्याच्या अमदानीत वेठीचा बोजा लादलेला होता. याच डोंगरांतील मुली प्रथम राजवाड्यांत दासी म्हणून आणि पुढे दलालांमार्फत मुंबईच्या कामाठीपुऱ्यात नेल्या गेल्या. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी ज्या शेकडो मुलींची सुटका केली, त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या सरकारने त्यांना परत घेण्यास दिरंगाई केली, स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेले, आणि त्यांच्यापैकी काहींनी स्वतः स्थापन केलेल्या ‘शक्ती समूह’ या संस्थेला २०१३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या मुलींपैकी एकीने गावातील आमांना, म्हणजे वडीलधाऱ्या बायांना, आपण मुंबईजवळच्या असल्याचे मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा त्या का गप्प झाल्या, हे तिला कळले नाही; मला कळले, आणि त्या रात्री मी मुलांना हा सारा इतिहास सांगितला. तो निघण्यापूर्वी पुण्यातच, आमच्या वर्गात बसून सांगितला गेला असता तर ज्या करुणेने पहिल्या रात्री ती मुलगी रडली होती त्या करुणेच्या जोडीला थोडी शरमही असती, आणि ती शरम अधिक उपयोगाची ठरली असती.

भारतीय विद्यार्थ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. २०१५ च्या मे महिन्यात आपल्या दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनी ढिगाऱ्यापाशी शोक करणाऱ्यांच्या तोंडासमोर ज्या रीतीने ध्वनिक्षेपक धरले, त्याबद्दल तेथे प्रचंड संताप उसळला. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून भारत-नेपाळ सीमेवर झालेल्या नाकेबंदीत गॅस, इंधन व औषधे अडली, याचा दोष नेपाळी माणूस आजही आपल्याला देतो. त्यामुळे कॅमेरा बॅगेत ठेवावा, हिंदीतील ‘तुम’ टाळावे, वडीलधाऱ्यांना ‘तपाईं’ म्हणावे, आमा, बुबा, दाइ, दिदी ही संबोधने शिकून जावे. लिपी आपलीच असल्याने चार आठवड्यांत एवढे सहज साधते.

आणि ज्यांना प्रवासखर्च परवडत नाही अशा विद्यार्थ्यांनी खंत करू नये. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला आणि तोडणीला नेपाळातून आलेली कुटुंबे राहतात; त्यांच्या मुलांची शाळा, त्यांचे औषधपाणी, त्यांची कागदपत्रे यांची वास्तपुस्त करणे ही सेवाही परदेशीयांचीच आणि तेवढीच निकडीची आहे.

प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे की, यात्रेच्या दरखास्तीवर सही करण्यापूर्वी, ज्या गावी तुकडी जाणार त्या गावच्या समितीचे, कोणते काम हवे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली व्हावे हे सांगणारे पत्र मागवावे. असे पत्र येत नसेल, तर ती तुकडी पाठवू नये.