जर्मन कळत नाही, तरी जर्मनच हवं

प्रश्न : जर्मन गायिका नेनाचं '९९ लुफ्टबालॉन्स' (९९ फुगे) मी जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत ऐकलंय. जर्मन मला ओ की ठो कळत नाही, तरी तेच पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं. असं का होत असेल?

उत्तर : असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. १९८४ साली अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, ते जर्मनमधलंच. इंग्रजी गाणं ब्रिटनमध्ये मात्र पहिलं आलं.

या गाण्याचा जन्म पश्चिम बर्लिनमधला. १९८२ साली तिथे रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात फुगे सोडले होते. नेनाच्या बँडचा गिटारवादक कार्लो कार्गेस ते पाहत होता. वाऱ्यावर सरकणारा, आकार बदलणारा तो पुंजका त्याला एखाद्या अनोळखी यानासारखा भासला. हा बर्लिनच्या भिंतीपलीकडे गेला तर तिकडचे सैनिक काय समजतील? त्यातूनच गाण्यातली गोष्ट सुचली : फुग्यांच्या मागे लढाऊ विमानं सुटतात, युद्धमंत्री सरसावतात आणि सगळं बेचिराख होतं. गाणं आलं १९८३ मध्ये, अमेरिकेची नवी अण्वस्त्र-क्षेपणास्त्रं पश्चिम जर्मनीत यायची होती त्याच वर्षी. गाणाऱ्यांना युद्धाची ही भीती कल्पनेने आणावी लागली नाही. नेनाच्या आवाजात ती ऐकू येते, आणि त्यासाठी व्याकरण यावं लागत नाही.

केविन मॅकअलीने लिहिलेलं इंग्रजी गीत हे भाषांतर नाही. तिथे दोघं जण खेळण्यांच्या दुकानातून फुगे घेऊन पहाटे सोडतात. फुगे लाल असतात. मूळ गाण्यात त्यांना रंगच नाही. पुढे यंत्रणेतल्या बिघाडाचाही उल्लेख येतो. गोष्ट वाईट नाही, पण ती नेनाची वाटत नाही. खुद्द बँडलाही हे इंग्रजी गाणं फारसं रुचलं नव्हतं.

आणि ताल! 'नॉइनउंटनॉइनत्सिश' (नव्याण्णव) म्हणताना चार ठोस आघात एकामागून एक पडतात, जणू ढोलाचे बोल. इंग्रजी 'नाइन्टी-नाइन' तीन अक्षरांत संपतं, म्हणून मागे 'रेड' जोडावं लागतं. माझ्या मते ओढ आहे ती इथेच.

मात्र इंग्रजीत गाणं नेहमीच पडतं असं नाही. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचं 'द मॉडेल' इंग्रजीतूनच १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं, आणि मला ते दोन्ही भाषांत सारखंच आवडतं. त्यांचं गाणंच मुद्दाम थंड, यंत्रासारखं. शब्द बदलले तरी आवाजातला तो कोरडेपणा तसाच राहतो.