परभूमीवरील वीर : इतिहासाचा एक पाठ

पोलंडचा घोडदळ-सेनानी काझिमीर पुलास्की अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि सव्हाना येथील हल्ल्यात जखमी होऊन ऑक्टोबर १७७९ मध्ये मरण पावला. परभूमीवर देह ठेवणारे असे वीर महाराष्ट्रातही झाले. किन्हीराजा येथील शाळेत हा पाठ घेताना शिक्षकांनी नकाशावर प्रथम रायगड जिल्ह्यातील माणगाव व मग इटली देश दाखवावा.

नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्याचे सुपुत्र. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा भडिमार झाला. त्यांच्याखेरीज सर्व जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली व एका शत्रूस गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरण्यास अवसर नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांस त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. तोच दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते कोसळले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

‘देश पारतंत्र्यात असता हे युद्ध कोणाचे?’ असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये. पुलास्कीने आपला पक्ष स्वतः निवडला होता. घाडगे परकीय राज्यकर्त्यांच्या सैन्यात होते. हा भेद स्पष्ट सांगावा. परंतु शौर्य त्यांचे स्वतःचे होते. इटलीतील मोन्तोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले, ते त्या शौर्यासाठी. राज्यकर्त्याचा हेतू आणि शिपायाचे धैर्य निरनिराळे तोलण्यास विद्यार्थी शिकला, म्हणजे पाठ सफल झाला.