आधी कान, मग सोल्डरिंग

अगं, चित्रावर आकडे उमटवणारा नवा ओएसडी बोर्ड मागवू नकोस. निदान या आठवड्यात तरी नको. तू फोनवर सांगितलंस त्यावरून विमान नीट उडतंय, गॉगलमध्ये चित्र दिसतंय. फक्त जमिनीवरच्या अँटेना ट्रॅकरला विमान कुठे आहे ते कळेनासं होतं आणि लॅपटॉपवरचे उंची-अंतराचे आकडे मधेच गोठतात. अशा वेळी टीममधलं कुणी ना कुणी ‘बोर्ड गेला’ म्हणून मोकळं होतं. बोर्ड तसा क्वचित जातो गं. बहुतेक वेळा सिग्नल वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. आणि तुझा सिग्नल आवाजाच्या वाटेने जातोय, म्हणजे तो ऐकता येतो. एवढी सोय दुसऱ्या कुठल्याच टेलिमेट्रीत नाही, तिचा फायदा घे.

आधी नेमकं काय जातंय ते मनात पक्कं कर. जीपीएसची जागा, उंची, बॅटरीचे व्होल्ट ही माहिती ओएसडीतला मोडेम सुरांत बदलतो आणि ते सूर व्हिडिओ ट्रान्समीटरच्या ऑडिओ पिनला देतो. इमर्शनआरसीच्या ईझेडओएसडीने याच वाटेने ट्रॅकरला माहिती पाठवली. अशा कामासाठी जुनी, खात्रीची पद्धत म्हणजे बेल 202: एक सूर 1200 हर्ट्झचा, दुसरा 2200 हर्ट्झचा, आणि सेकंदाला 1200 बिट. हॅम रेडिओवाले एपीआरएससाठी हेच वापरतात. तुझ्या बोर्डाचे आकडे वेगळे असतील तर मॅन्युअलमध्ये बघून वहीत लिहून ठेव. या वेगाने एका बिटच्या वाट्याला जेमतेम 0.83 मिलिसेकंद येतात, आणि सेकंदाला फार तर 120 बाइट जातात. चोवीस बाइटचं एक पॅकेट धरलंस तर त्यालाच सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात कुठेही एक ‘टक’ झालं, एक बिट बिघडला, की चेकसम जुळत नाही आणि अख्खं पॅकेट बाद.

वेगळा टेलिमेट्री रेडिओ का लावला नाही, असं तुला कुणी विचारलं तर गडबडून जाऊ नकोस. बाहेरून येणारी 915 मेगाहर्ट्झची मॉड्यूल आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. इथे मोकळा पट्टा आहे तो 865 च्या आसपासचा. व्हिडिओच्याच पाठीवर बसवून माहिती खाली आणली, तर विमानात एक रेडिओ, एक अँटेना आणि तेवढं वजन कमी. निवड चांगलीच आहे तुझी.

आता तुझा मुख्य प्रश्न: चित्र स्वच्छ, मग आवाजच का फाटतो? हे नीट समजून घे, कारण पुढची सगळी शोधाशोध यावर उभी आहे. 5.8 गिगाहर्ट्झच्या ॲनालॉग ट्रान्समीटरमध्ये चित्र खालच्या पाचेक मेगाहर्ट्झमध्ये बसतं आणि आवाज त्याच्या वर, 6 आणि 6.5 मेगाहर्ट्झच्या उपवाहकांवर. एफएमचा स्वभाव असा, की रिसिव्हरमधून बाहेर पडणारा खरखराट वरच्या बाजूला वाढत जातो. म्हणजे तुझी टेलिमेट्री सगळ्यात गोंगाटाच्या टोकाला बसलेली असते. चित्रात चार ठिपके आले तर डोळा ते सोडून देतो. मोडेम काहीच सोडून देत नाही. म्हणून ‘चित्र ठीक आहे, म्हणजे लिंक ठीक आहे’ हे वाक्य कुणीही म्हटलं तरी मान डोलावू नकोस.

सुरुवात टेबलावर कर, आणि प्रॉपेलर काढूनच कर. हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळलीस तरी. मग रेडिओ पूर्ण बाजूला ठेव. ओएसडीच्या ऑडिओ आउटपासून डिकोडरच्या ऑडिओ इनपर्यंत सरळ वायर टाक, ग्राउंडला ग्राउंड जोड, मधे एक 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाल म्हणजे डीसी पलीकडे जाणार नाही. आकडे धडाधड यायला लागले तर ओएसडी आणि डिकोडर दोघंही निर्दोष, आणि नव्या बोर्डाचे पैसे वाचले. नाही आले तर दोष या दोघांत किंवा सेटिंगमध्ये, रेडिओला हात लावायची गरजच नाही. अर्धी वाट एका वायरीत तपासून होते.

वायरीवर आकडे आले की रेडिओ पुन्हा जोड. इथून पुढे कान. रिसिव्हरच्या ऑडिओला साधा स्पीकर लाव. निरोगी मोडेमचा आवाज एकसारखा, किरकिरा पण गुळगुळीत असतो, फॅक्स लागल्यासारखा. तोच कर्कश आणि दाटलेला झाला की समज, लेव्हल जास्त आहे. मायक्रोकंट्रोलरची पिन थेट पाच व्होल्टची चौकोनी लहर देते आणि ट्रान्समीटरला हवा असतो साधारण एक व्होल्ट. लेव्हल जास्त झाली की उपवाहक फाटतो, कधी चित्रातही तिरक्या बारीक रेघा उमटतात. 10 किलोओहम आणि 2.2 किलोओहमचा विभाजक लावलास तर पाचाचे 0.9 व्होल्ट होतात. हे दोन रेझिस्टर तपकीर गल्लीत चहाच्या पैशात मिळतील. उलट सूर मंद आणि मागे ‘सूं’ मोठं असेल तर लेव्हल कमी आहे, ती वाढव. तारा उलट्या लागल्या असतील अशी काळजी मात्र करू नकोस. सूर उलटा केला तरी तो त्याच हर्ट्झचा राहतो.

आता ऐकताना कॅमेऱ्याच्या भिंगावर हात ठेव. सुरामागची घरघर हाताबरोबर बदलली, उजेडात वाढली, अंधारात कमी झाली, तर चित्र ऑडिओत शिरतंय. पॅल कॅमेऱ्यात ही घरघर 50 हर्ट्झची असते. व्हिडिओची लेव्हल बघ, आणि व्हिडिओ-ऑडिओच्या वायरी एकत्र पीळ घातलेल्या असतील तर सोडव. मग थ्रॉटल हळूहळू वर ने. शिट्टी मोटरबरोबर चढत गेली तर चोर पॉवरमध्ये आहे: ट्रान्समीटर आणि ओएसडीला एलसी फिल्टर दे, बॅटरीच्या टोकांवर कमी ईएसआरचा कपॅसिटर लाव, आणि ऑडिओची ग्राउंड मोटरच्या वायरीमार्गे न आणता सरळ ट्रान्समीटरकडे ने. थ्रॉटल बंद असतानाही एकच बारीक शिट्टी राहिली तर ती स्विचिंग बीईसीची. आणि प्लास्टिकच्या काडीने कनेक्टर हलवल्यावर कडकड झाली तर ड्राय सोल्डर. फ्लक्स लाव, टाका नव्याने घाल.

एक गोष्ट पटकन बघायची राहते. काही ट्रान्समीटरवर छोटा माइक बसवलेला असतो आणि तो त्याच ऑडिओ लाइनवर वारा ओतत असतो. जंपर असेल तर काढ, नसेल तर माइकच उचल. दोन चॅनेल असतील तर मोडेम डावीकडे आणि डिकोडर उजवीकडे असा घोळ झालाय का तेही बघ. 3.5 मिलिमीटरच्या चार कड्यांच्या पिनवर तर मुळीच विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक कंपनी कड्या आपल्या मर्जीने लावते. पिवळ्या टोकातून आवाज आणि लाल टोकातून चित्र निघताना मी पाहिलंय. मल्टीमीटरने एकेक कडी मोजून घे.

रेडिओसकट तपासताना अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, आणि रिसिव्हर त्याच्या शेजारी ठेवायचा नाही. इतक्या जवळून रिसिव्हर भरून जातो आणि चांगला सूरही फाटका ऐकू येतो. विमान गॅलरीत ठेव, तू आतल्या खोलीत बस. ट्रान्समीटरवर टेबलफॅनचा वारा असू दे, उभ्या विमानात तो चटके बसण्याइतका तापतो. डिकोडरला गॉगलच्या हेडफोनमधून ऑडिओ देत असशील तर ते आजच बंद कर: कुणी आवाज लहान-मोठा केला की तुझी लेव्हल बदलते. रिसिव्हरच्या एव्ही आउटमधूनच घे.

टेबलावर सगळं जमलं आणि वर गेल्यावरच बिघडलं, तर वळणं बघ. विमान कललं की अँटेना अंगाआड जाते, आणि त्याच क्षणी आकडे गोठत असतील तर दोष अँटेनाच्या जागेचा आहे. दोन्हीकडच्या गोल ध्रुवणाच्या अँटेना एकाच हाताच्या आहेत ना? एक डावी, एक उजवी लागली की जवळ सगळं छान चालतं आणि दूर गेल्यावर कोसळतं. उड्डाण डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरव्या भागातच, 400 फुटांच्या आत, आणि शेजारी साध्या डोळ्यांनी विमान बघणारं कुणीतरी हवंच. गॉगल घातलेल्या माणसाला समोरची तारसुद्धा उशिरा दिसते, आणि मला तुझी काळजी विमानापेक्षा जास्त आहे.

आणि एक राहिलं. काही गॉगलचा रेकॉर्डर चित्र घेतो, आवाज घेतच नाही. तुझा घेतो का ते घरीच तपास. घेत असेल तर विमान उसात कुठे पडलं तरी ते रेकॉर्डिंग डिकोडरला पुन्हा ऐकवता येतं, आणि शेवटच्या धड पॅकेटमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात. ट्रॅकर नसलेल्या लोकांनीही टेलिमेट्री ऑडिओवर ठेवावी, असं मला याच कारणासाठी वाटतं.

या रविवारी उडवशील तेव्हा रिसिव्हरच्या एव्ही आउटचा आवाज लॅपटॉपच्या लाइन इनमध्ये घेऊन ठेव. माइकच्या भोकात घालू नकोस, त्याला मिलिव्होल्टची सवय असते. फोनचा रेकॉर्डरही नको, तो सुरालाच गोंगाट समजून दाबून टाकतो. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघडलास की 1200 आणि 2200 वर दोन पट्टे दिसतील. वरचा पट्टा फिका असेल तर फाइलच्या नावात तसं लिही. ती फाइल मला पाठव, वेव्हच, एमपी3 नको, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोड. रात्री साडेनऊनंतर फोन कर, मी ती ऐकून बसलेली असेन.