रविवारचे शब्दकोडे आणि ‘ण’चे घर

वसतिगृहातील रविवारची सकाळ इतर दिवसांहून निराळी असते. धुतलेले कपडे तारेवर पडलेले असतात, वंदना आणि न्याहरी आटोपलेली असते आणि वर्तमानपत्राच्या जाड अंकातून पुरवणी वेगळी काढण्यासाठी चार-पाच हात एकदम पुढे येतात. गेली अनेक वर्षे ही पुरवणी मुलांच्या हाती देण्यापूर्वी तिच्या शेवटच्या पानावर आम्ही आपला हक्क सांगत आलो आहोत. कारण आठवड्यातील मोठे शब्दकोडे त्याच पानावर असते. रोजच्या अंकातील छोटे कोडे चहाच्या कपाबरोबर संपते. रविवारचे मात्र दुपारच्या जेवणापर्यंत पुरते आणि कधी कधी सोमवारच्या पहिल्या तासापर्यंत मनात घोळत राहते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘अभ्यासाच्या सवयी’ या विषयावर लिहिण्यास सुचविले, तेव्हा आम्ही या कोड्यावरच लिहावयाचे ठरविले. पालकांनी यास विषयांतर समजू नये.

शब्दकोड्याचे वय फार नाही. इंग्लंडातील लिव्हरपूल येथे जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या पुरवणीसाठी २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले कोडे रचले. तोही रविवारच होता. त्या कोड्याचा आकार हिऱ्यासारखा होता आणि मध्यभाग पोकळ होता. विनने त्यास ‘वर्ड-क्रॉस’ असे नाव दिले होते. काही आठवड्यांनी छपाईत शब्दांची अदलाबदल झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ हे चुकीचे नावच जगभर रूढ झाले. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनसंस्थेने कोड्यांचे पहिले पुस्तक काढले, तेव्हा प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल जोडून दिली होती. या पेन्सिलीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे; पुढे तिचे काम पडणार आहे. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या नादाची वेळेची उधळपट्टी म्हणून संभावना केली. पुढे महायुद्धात अमेरिका उतरल्यावर, १५ फेब्रुवारी १९४२ च्या रविवारी, त्याच पत्राने आपले पहिले कोडे छापले. मोठी वर्तमानपत्रेही आपले मत बदलतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

कठीण कोडे कशाने कठीण होते? आडवळणी शब्द घातल्याने, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. शब्दकोश उघडून सुटणारे कोडे कंटाळवाणे असते, कठीण नव्हे. खरे कठीण कोडे ओळखीच्याच शब्दाकडे अनोळखी वाटेने नेते. इंग्लंडमध्ये ही कला फार पुढे गेली. ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचीत, तर १९३९ पासून ‘झिमेनीझ’ या नावाने मॅकनट नावाचे शिक्षक. (दोन्ही टोपणनावे स्पेनमधील धर्मचौकशी न्यायालयाच्या प्रमुखांची आहेत. कोडेकारांनी आपल्या धंद्याविषयी यापेक्षा प्रामाणिक कबुली दिलेली आम्हास माहीत नाही.) मॅकनट यांचा आग्रह असा की, सूत्रात उत्तराची नेमकी व्याख्या असावी, त्या उत्तराकडे नेणारा दुसरा प्रामाणिक मार्ग असावा आणि या दोहोंखेरीज फापटपसारा नसावा. सूत्र वाचकास चकवू शकते, परंतु खोटे बोलू शकत नाही.

मराठीत असे सूत्र कसे दिसेल? आम्ही मुलांसाठी रचलेले एक देतो: ‘उद्योग थंड झाला, की ज्याच्या घरची चूल विझते तो (४)’. उद्योग म्हणजे काम, थंड म्हणजे गार. दोन्ही जोडून कामगार. दुसरे: ‘नदी उलटी वाहिली, की गरीब (२)’. नदी उलटी वाचा, दीन. वाचताना आपण सूत्रातील चित्रात गुंततो, पूर, गिरणी, चूल डोळ्यांपुढे आणतो आणि शब्द मात्र डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, सूत्र एकदा अर्थासाठी वाचावे आणि दुसऱ्यांदा जणू अर्थ ठाऊकच नाही असे, एकेक शब्द सुटा करून वाचावे. परीक्षेतील प्रश्न न वाचताच उत्तर लिहावयास बसणाऱ्या मुलांवर याचा थोडा परिणाम झालेला आम्ही पाहिला आहे.

देवनागरीतील कोड्याचा स्वभाव इंग्रजीहून मुळातच वेगळा आहे. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण अवघे सव्वीस. आपल्याकडे एका घरात अक्षर बसते, तेही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह. ‘स्त्री’ एकाच घरात राहते. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जेथे एकमेकांस छेदतात, तेथे व्यंजनाबरोबर स्वरही जुळावा लागतो. ‘कवी’ हा उभा शब्द ‘कविता’ या आडव्या शब्दास दुसऱ्या घरात छेदू शकत नाही; मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ, म्हणून एकाचा ‘वी’ आणि दुसरीचा ‘वि’. कोडेकारास हे जाचक असते. म्हणूनच मराठी कोड्यांत शब्द आखूड आणि काळी घरे पुष्कळ. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेऊन मोकळे होतात. आम्हास ती मान्य नाही, परंतु तो वेगळा वाद आहे. सोडविणाऱ्यास मात्र या अडचणीचा लाभच होतो. छेदणाऱ्या घरात एक अक्षर सापडले, की इंग्रजी वर्णापेक्षा कितीतरी अधिक माहिती हाती येते.

आता काही वर्षांपूर्वीचा एक रविवार. कोड्याच्या कोपऱ्यात तीन बाय तीन घरांचा एक तुकडा होता, मधले घर काळे. त्यातील सूत्रे आमच्या शब्दांत अशी होती. आडवा एक: बी पेरण्याचे अवजार (३). उभा एक: कोल्ह्याच्या लग्नाला उन्हाबरोबर येणारा (३). उभा दोन, म्हणजे आडव्या एकच्या शेवटच्या घरातून खाली येणारा: विहिरीवर दिवसभर फिरतो, पण कोठेच पोचत नाही (३). तळाचा आडवा तीन: ना चढ, ना उतार (३).

आमचे बालपण वऱ्हाडात गेले. पहिले सूत्र वाचताच आम्ही ‘तिफण’ असे लिहिले, आणि तेही शाईने. भोवती दहा-बारा मुले होती. शिक्षकाने पेन्सिल वापरावी हे त्या वेळी आम्हास कमीपणाचे वाटे. त्यानंतर तो कोपरा काही केल्या हलेना. एका मुलीने उभ्या एकसाठी ‘पाऊस’ सुचविले. “शब्द ‘ति’ने सुरू व्हावयास हवा,” असे म्हणून आम्ही तिला गप्प बसविले. तिचे उत्तर बरोबर होते. ते आमच्या उत्तराशी जुळत नव्हते, एवढाच तिचा दोष.

सहावीतील एक मुलगा खांबाला टेकून उभा होता. बीडकडचा, आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. वर्गात तो फारसा बोलत नसे, कारण त्याच्या बोलण्यातील हेल ऐकून मुले हसत. ‘नीट बोल’ असे आम्हीही त्यास एकदोनदा बजावले होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. तो म्हणाला, “सर, उभा दोन ‘ण’पासनं सुरू व्हतोय. ‘ण’पासनं शब्द कुठं असतोय? अंकलिपीत बी बाणच काढलाय.”

आम्ही चौकटीकडे पाहत राहिलो. ‘ण’ बाणाचा. प्रत्येक अक्षरासाठी अंकलिपीत त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचे चित्र असते. ‘ण’साठी तशी वस्तूच नाही, म्हणून शेवटी ‘ण’ असलेला बाण काढतात. (प्राकृतातील णमोकाराची गोष्ट निराळी.) तीस वर्षे तक्त्याखाली उभे राहून शिकविले, परंतु हे चित्र आम्हास कधी पुरावा म्हणून दिसले नव्हते. उभ्या दोनचे उत्तर ठाऊक नसतानाही ‘तिफण’ तेथे बसू शकत नाही, हे त्या मुलाने सिद्ध केले होते.

“मग काय असेल?” आम्ही विचारले. “आमच्याकडं पाभर म्हणत्यात,” तो म्हणाला, आणि यावेळी कोणी हसले नाही. मग दोन मिनिटांत सारा कोपरा असा भरला:

पा भ र
ऊ ■ हा
स पा ट

पाभर, पाऊस, रहाट, सपाट. ते पान आमच्या कपाटात अद्याप आहे. ‘तिफण’ शब्द पातीने खरवडल्यामुळे त्या जागी कागद फाटला आहे. त्या दिवसापासून आम्ही पेन्सिल वापरतो. त्या मुलास पुन्हा ‘नीट बोल’ असे म्हणण्याचे धाडस आम्हास झाले नाही. प्रमाण मराठी शिकविणे आमचे काम आहे आणि ते आम्ही करतो; परंतु ‘तिफण’ जितकी मराठी तितकीच ‘पाभर’ही, आणि त्या दिवशीच्या चौकटीस पाभरच हवी होती.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. छेदणारी अक्षरे चुकीचे उत्तर उघडे पाडतात हे खरे, परंतु अक्षरे जुळली म्हणजे उत्तर एकमेव ठरलेच असे नाही. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे मतदान होते. त्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जेरेमाया फॅरेल यांचे कोडे आले. मधल्या ओळीत दुसऱ्या दिवशीच्या बातमीतील विजेत्याचे नाव भरावयाचे होते. इंग्रजीत ‘क्लिंटन’ आणि ‘बॉब डोल’ दोन्ही सात वर्णांचे. आणि फॅरेल यांनी छेदणारी सातही सूत्रे अशी रचली की दोन्ही नावे बिनचूक बसावीत. काळा प्राणी मांजर मानला तर एक उमेदवार, वटवाघूळ मानले तर दुसरा. ज्यांनी एकच उत्तर पाहिले, ते निश्चिंत राहिले.

इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रसंग पदोपदी आठवावा लागतो. दुसरे उदाहरण १९४४ सालचे. मित्रराष्ट्रांच्या फौजा ६ जून रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होत्या. त्यापूर्वीच्या पाच आठवड्यांत लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि नेपच्यून ही उत्तरे एकामागून एक आली. पहिली दोन अमेरिकी फौजांच्या किनाऱ्यांची गुप्त नावे, ओव्हरलॉर्ड म्हणजे संपूर्ण मोहीम, मलबेरी म्हणजे तरंगती बंदरे, नेपच्यून म्हणजे आरमारी भाग. गुप्तचर खाते कोडेकाराच्या दारात आले. लिओनार्ड डॉ हे त्यांचे नाव, आणि ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची स्ट्रँड शाळा युद्धामुळे लंडनहून सरे परगण्यातील एफिंगहॅम गावी हलविलेली होती. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि अखेर हा योगायोग मानला गेला.

चाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, एका माजी विद्यार्थ्याने निराळी हकिकत सांगितली. डॉ गुरुजी रिकामी चौकट मुलांपुढे ठेवीत, मुले शब्द भरीत आणि सूत्रे गुरुजी नंतर रचीत. जवळच सैन्याचे तळ होते. तेथे कानांवर पडलेले शब्द आपण चौकटीत भरले, आणि पुढे गुरुजींनी आपल्या वह्या जाळावयास लावल्या, असे त्याचे म्हणणे. हे खरे मानावे काय? यूटा आणि ओमाहा ही अमेरिकेतील सुपरिचित नावे आहेत, ती कोणत्याही कोड्यात येऊ शकतात. चाळीस वर्षांनंतरची आठवण हा एकट्याचा पुरावा आहे, आणि वह्या जळालेल्या आहेत. तरीही एकट्या योगायोगाने पाचही शब्द जुळले, यापेक्षा शब्द मुलांच्या कानांतून आले, हे आम्हास अधिक संभवनीय वाटते. पेन्सिलीनेच लिहितो.

पाभरीच्या प्रसंगानंतर आम्हीही डॉ गुरुजींची रीत उचलली. सुटीहून परतताना प्रत्येक मुलाने घरचे, रानातले, कामाचे पाच शब्द आणावयाचे आणि आपल्या चौकटीत बसवावयाचे. पहिल्या वर्षी इरले, कोयता, मोळी, पाचट, दावण असे शब्द आले. चौकटी मात्र जुळेनात. मोळीच्या ‘ळी’खाली काय घालावे यावर आठवीच्या वर्गाने एक अख्खी संध्याकाळ खर्च केली, कारण ‘ळ’ची गतही ‘ण’सारखीच. अखेर ती काळ्या घरावर संपविली. सूत्रे रचणे त्याहून अवघड. मुलांची पहिली सूत्रे एक तर उत्तरच सांगून टाकतात, नाहीतर ज्याने शब्द आणला त्याच्याखेरीज कोणासच कळत नाहीत. आपल्या घरचा शब्द दुसऱ्या जिल्ह्यातील मुलास प्रामाणिकपणे कसा सुचवावा, यावर त्यांची भांडणे होतात आणि आम्ही ती होऊ देतो.

गेल्या वर्षी सातवीतील एका मुलीने रचलेले सूत्र आमच्या मते आजवरच्या वह्यांतील सर्वोत्तम आहे. माजी विद्यार्थ्यांसाठी ते येथे देतो. उत्तर दुसऱ्या कोणत्याही पानावर छापलेले नाही: ‘उलट्या वाऱ्याने पिंजऱ्यात गेलेला पक्षी (२)’.