बोअरचं पाणी आणि गच्चीवरची मिरची

लातूरला गच्चीवर भाजी लावायची असेल तर बी, कुंड्या, खतं यांच्या आधी आपल्या घरचं पाणी तपासा. माझ्या मिरच्या आणि टोमॅटो करपले ते उन्हानं नाही, पाण्यातल्या क्षारांनी. ते उमगलं नांदेडच्या ताईमुळं.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आमचं शहर. नळाचं पाणी पिण्यापुरतं आणि बाकी सगळं बोअरवर, हे आमच्या गल्लीत अंगवळणी पडलंय. ताईकडं मात्र विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं पाणी येतं. आम्ही दोघींनी एकाच पाकिटातलं बी वाटून घेतलं. कोकोपीट, 19:19:19, सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली, दुकानदारानं दिलं ते सगळं दोघींकडं सारखंच होतं. तिची मिरची फुलावर आली तेव्हा माझ्या मिरचीच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वळत होत्या. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदार म्हणाला, "ताई, खत कमी पडतंय, डोस वाढवा." वाढवल्यावर पानं गळायलाच लागली. पुढं उन्हाळ्यात ताईला बोअरच्या पाण्याचा टँकर मागवावा लागला, आणि तिच्याही कुंड्यांच्या काठाला पांढरी रेघ उठली.

ती पांढरी रेघच खूण आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट विरघळलेले असतात. कुंडीतलं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. शेतात चांगला पाऊस झाला की ते खाली धुऊन जातात. कुंडीत थोडं थोडंच पाणी घातलं तर ते तिथंच साठतात. बाटलीतलं आणि पुडीतलं विद्राव्य खत म्हणजेही क्षारच. ते साठले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यात आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठाच्या आसपास. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडतात. अशा झाडाला खत वाढवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

मी खतं बंद केली. कुंडीच्या भोकातून खूप वेळ पाणी वाहू दिलं आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या. नवी पानं हिरवी आली. जुनी करपलेली पुन्हा सुधारत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

आता माझ्या कुंडीत एक भाग काळी माती, एक भाग नदीकाठची गाळाची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असते. नुसती काळी माती भरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुना हे आपल्या मातीत घालू नये. त्यानं सामू आणखी चढतो. महिन्याकाठी दोन मुठी गांडूळखत मिरचीला पुरतं.

आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं वाया पाणी अनेक घरांत कुंड्यांना घालतात. पाणी वाचवण्याची त्यामागची तळमळ मला कळते, पण त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. ते फरशीला वापरा. एसीतून टपकणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं, ते बोअरच्या पाण्यात मिसळून घाला. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत धरता आलं तर फारच उत्तम.

पाणी रोज ठरल्या वेळी घालायची गरज नाही. दोन पेरं बोट मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालून थोडं बाहेर येईल इतकं घाला. घोट घोट घातलेल्या पाण्यानं क्षार वरच साठतात. मातीवर सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट पसरा, ते आपल्याकडं कुठंही मिळतं. पाणी कमी उडतं, म्हणून क्षारही हळू साठतात. एप्रिल-मेमध्ये वर हिरवी जाळी बांधा.

कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत मातीबरोबर पाण्याचीही तपासणी होते. स्वच्छ बाटलीत बोअरचं पाणी घेऊन जा, अहवालात सामू आणि विद्युत वाहकता (म्हणजे क्षार किती ते) हे दोन आकडे समजावून घ्या, आणि तोवर खताची एकही बाटली विकत घेऊ नका.