सूक्ष्म शैवालांची काढणी : पद्धती आणि मर्यादा

शेतातील पीक विळ्याने कापता येते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे पीक मात्र सहजासहजी हाती लागत नाही. क्लोरेला या शैवालाची पेशी २ ते १० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. उघड्या टाकीतील एक लिटर पाण्यात सुके शैवाल साधारणपणे अर्धा ग्रॅमच भरते. एक किलो भुकटीसाठी सुमारे दोन हजार लिटर पाणी हाताळावे लागते, ते यामुळेच. उत्पादनखर्चाचा २० ते ३० टक्के भाग काढणीवर जातो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

परंपरेने शोधलेला मार्ग

आफ्रिकेतील चाड देशात कानेम भागातील स्त्रिया हे काम पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. कोसोरोम तलावावरील शैवालाचा दाट थर त्या गोळा करतात आणि काठच्या वाळूत केलेल्या उथळ खळग्यांत ओततात. पाणी वाळूत जिरते व थर उन्हाने सुकतो. त्याच्या वड्या कापून बाजारात विकतात. ‘दिहे’ नावाचा हा पदार्थ कालवणात घालून भरड धान्याबरोबर खातात. १९६४-६५ मध्ये बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनार यांनी त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. हे शैवाल म्हणजेच स्पिरुलिना होय. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या क्षारयुक्त पाण्यातही ते आढळते.

काढणीच्या प्रमुख पद्धती

१. निवळणे : पाणी स्थिर ठेवून शैवाल तळाशी बसू देणे. खर्च कमी, परंतु वेळ फार लागतो.

२. गोळा बांधणे : तुरटी किंवा चुना घातल्यास पेशी एकमेकींना चिकटून जड होतात. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र तुरटीतील ॲल्युमिनियम शैवालात उरत असल्याने खाद्य उत्पादनासाठी ती योग्य नाही.

३. तरंगविणे : हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडून शैवाल पृष्ठभागावर आणणे व साय काढावी तसे ते काढून घेणे.

४. केंद्रोत्सारण : यंत्राच्या वेगवान फिरकीने पाणी व शैवाल वेगळे करणे. क्लोरेलासारख्या बारीक पेशींना हा मार्ग खात्रीचा आहे. पण यंत्र महाग असून वीजही पुष्कळ लागते.

५. गाळणे : स्पिरुलिनाचे तंतू लांब व मळसूत्राकार असल्याने ते ३० ते ५० मायक्रॉन छिद्रांच्या कापडावर अडकतात. ग्रामीण भागातील लहान उद्योगाला हीच पद्धत परवडते.

गाळल्यानंतरची दक्षता

गाळणी सकाळी करावी, म्हणजे सुकविण्यास पूर्ण दिवस मिळतो. गाळलेले क्षारयुक्त पाणी पुन्हा टाकीत सोडून पोषकद्रव्यांची भरपाई करावी. त्यामुळे पाणी व क्षार दोन्ही वाचतात. कापडावरील लगदा हलकेच दाबून घेतला, तरी त्यात सुमारे ८० टक्के पाणी उरते. असा लगदा उन्हाळ्यात काही तासांतच नासतो. म्हणून त्याच्या बारीक शेवया पाडून ६० अंश सेल्सिअसपेक्षा कमी उष्णतेवर त्या लगेच सुकवाव्यात आणि हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

सुक्या स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात. परंतु त्याचे सेवन काही ग्रॅमच होत असल्याने ते डाळीची जागा घेऊ शकत नाही. त्यातील ब-१२ जीवनसत्त्वाचा बहुतांश भागही मानवी शरीराला उपयोगी पडत नाही.

गावतळ्यातील हिरवा तवंग कधीही खाण्यासाठी वा गुरांसाठी काढू नये. मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शैवाले यकृताला घातक विष निर्माण करतात आणि नुसत्या डोळ्यांनी ती ओळखता येत नाहीत. शुद्ध बीजापासून केलेली लागवड आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांना पर्याय नाही.

एखाद्या ग्रामपंचायतीपुढे किंवा बचत गटापुढे असा प्रकल्प आला, तर शैवाल किती वाढेल, हा प्रश्न दुय्यम ठरतो. ते रोज गाळणार कोण, पावसाळ्यात सुकविणार कोठे आणि तपासून विकत घेणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच टाकीची पहिली वीट रचावी.