विमानाची वेळ

कल्याणजवळच्या एका गावात मामा राहतात. त्यांची लेक नागपूरला दिली आहे. तिची शस्त्रक्रिया १५ तारखेला सकाळी ८ वाजता ठरली. जावयाने विमानाचे तिकीट पाठवले. त्यावर छापले होते : मुंबई ते नागपूर. तारीख १५. सुटण्याची वेळ ००:२०. पोहोचण्याची वेळ ०१:५०.

मामा म्हणाले, "१५ तारखेला रात्री जेवून निघतो."

भाचीने तिकीट वाचले. ती म्हणाली, "थांबा मामा! तोवर विमान कधीच गेलेलं असेल. ताईचं ऑपरेशनही होऊन जाईल."

"असं कसं गं?"

"तिकिटावरची तारीख मध्यरात्री बदलते. ००:२० म्हणजे रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं. १४ तारीख संपली की लगेच. तुम्ही १४ तारखेला संध्याकाळीच घर सोडा."

"पण विमानाला तर दीडच तास लागतो. मग संध्याकाळी कशाला?"

मामांचा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आपण पाहू.

आगगाडी रुळावरून जाते. कसाऱ्याला घाट चढते, वळणे घेते, स्टेशनांवर थांबते. कल्याण ते नागपूर रुळाने सुमारे ७८५ किलोमीटर आहे. गाडीला साधारण १२ ते १४ तास लागतात. विमान जवळजवळ सरळ जाते. म्हणून मुंबई ते नागपूर हवेतले अंतर सुमारे ६८० किलोमीटरच भरते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. ३४ किलोमीटरला तिला सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात आज विमान नागपूरच्या जवळ जाते!

पण विमान आपल्या दारातून सुटत नाही. विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे लागते. तिथे तपासणी होते. रांगा असतात. सामान घेणे साधारण तासभर आधी बंद होते. त्यानंतर गयावया करून उपयोग नाही. शिवाय शिळफाट्याला गाड्यांची कोंडी होते. म्हणून हिशेब उलटा मांडावा.

विमान सुटणार : ००:२०
दोन तास आधी विमानतळावर : २२:२०
रस्त्याला दोन तास : २०:२०
कोंडीसाठी अर्धा तास जादा : १९:५०

दुपारी बारानंतरच्या तासांतून १२ वजा करा. १९:५० म्हणजे संध्याकाळचे सात पन्नास. मामांनी त्याआधी घर सोडावे. म्हणजे दीड तासाच्या विमानासाठी घरून साडेचार तास आधी निघायचे. तरीही आगगाडीपेक्षा निम्मा वेळ वाचतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विमानतळाचे नाव नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटतात. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून दूर आहेत. चुकीच्या ठिकाणी गेलात, तर विमान हुकलेच समजा.

मामा १४ तारखेला सातलाच निघाले. सकाळी लेकीने डोळे उघडून पाहिले, तर उशाशी बाबा बसले होते.

प्रश्न
१. तिकिटावर २० तारीख आणि ००:४५ ही वेळ आहे. घर कोणत्या तारखेला सोडाल?
२. १७:३० म्हणजे किती वाजले?
३. विमान १४:०० वाजता सुटते. वरच्याप्रमाणे हिशेब मांडा. मामांनी घर किती वाजता सोडावे?